रसेल यांचें हिरावलेलें अध्यासन

धर्मचिकित्सकांच्या छळाच्या कथा मध्ययुगाबरोबर संपल्या, असें आपण सहज धरून चालतों. परंतु १९४० सालीं न्यूयॉर्कसारख्या शहरांत बर्ट्रंड रसेल या तत्त्वज्ञाचें अध्यासन न्यायालयाच्या हुकुमानें रद्द झालें. त्या प्रकरणांत खरी हानि कोणाची झाली, हें पाहण्यासारखें आहे.

६ मार्च १९२७ रोजीं लंडनमधील बॅटर्सी येथें रसेल यांनीं ‘मी ख्रिस्ती कां नाहीं’ हें व्याख्यान दिलें. ईश्वराच्या अस्तित्वाचीं परंपरागत प्रमाणें त्यांनीं एकेक करून तपासलीं, व धर्माचें मूळ मुख्यतः भीतींत आहे असा निष्कर्ष काढला. १९२९ च्या ‘मॅरेज अँड मॉरल्स’ या ग्रंथांत रूढ विवाहनीतीचीहि त्यांनीं गय केली नाहीं.

फेब्रुवारी १९४० मध्यें न्यूयॉर्कच्या उच्चशिक्षण मंडळानें त्यांना सिटी कॉलेजांत प्राध्यापक नेमलें. विषय होते तर्कशास्त्र व गणिताचीं मूलतत्त्वें. तरीहि बिशप मॅनिंग यांनीं वृत्तपत्रांतून निषेध केला, आणि ब्रुकलिनच्या एका गृहिणीनें, आपल्या मुलीच्या नीतीस धोका आहे म्हणून, करदाती या नात्यानें दावा लावला. रसेल ज्या वर्गांत शिकविणार होते, तेथें त्या काळीं मुलींना प्रवेशच नव्हता! ३० मार्च रोजीं न्यायमूर्ति मॅक्गीहन यांनीं नेमणूक रद्द केली. रसेल अमेरिकेचे नागरिक नाहींत, त्यांची स्पर्धापरीक्षा झालेली नाहीं, आणि त्यांचीं मतें अनीतिकारक आहेत, हीं कारणें. दाव्यांत पक्षकार होण्याची त्यांची मागणीहि नामंजूर झाली. पुढें महापौर ला गार्डिया यांनीं त्या जागेचा पगारच अंदाजपत्रकांतून वगळला.

पैसा देणाऱ्या करदात्यानें कोणी शिकवावें हें ठरवूं नये काय, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण त्याच वर्षीं हार्वर्ड विद्यापीठानें विरोध न जुमानतां रसेल यांचीं व्याख्यानें करविलीं. हार्वर्ड धनिकांच्या देणग्यांवर उभें. सिटी कॉलेज फी न घेतां गरिबांच्या व स्थलांतरितांच्या मुलांस शिकविणारें. म्हणजे संपन्नांच्या मुलांस जो विचार ऐकण्यास योग्य ठरला, तो गरिबांच्या मुलांस वर्ज्य झाला. आणि तोहि त्यांच्याच कल्याणाच्या नांवानें.

रसेल यांच्यापुढें कांहीं काळ उपजीविकेचीच चिंता उभी राहिली. पण ते सांवरले. फिलाडेल्फियाजवळच्या बार्न्स फाउंडेशनमधील त्यांच्या व्याख्यानांतून १९४५ चा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास निघाला, आणि १९५० सालीं त्यांना वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक मिळालें. सिटी कॉलेजच्या त्या तरुणांचें काय बुडालें, याचा हिशेब मात्र कोणत्याहि न्यायालयांत मांडला गेला नाहीं.