कार्ब्युरेटर, जुन्या मोटारसायकलींचा : सफाई व पुनर्बांधणी

जुन्या मोटारसायकलीच्या कार्ब्युरेटरमध्ये साठलेली घाण काढून, झिजलेले भाग बदलून तो पुन्हा योग्य मिश्रण देऊ लागेल असा जुळवणे. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींत बहुतांशी फ्युएल इंजेक्शन आले. त्यामुळे हे कसब हळूहळू जुन्या गाड्यांपुरते उरत आहे. पुढील वर्णन सरकत्या स्लाइडच्या कार्ब्युरेटरला लागू पडते. जुन्या बुलेटवरचा अमल आणि नंतरचा मिककार्ब हे दोन्ही याच जातीचे.

इंजिन हवा ओढते तेव्हा कार्ब्युरेटरच्या गळ्यातला दाब उतरतो आणि फ्लोट चेंबरमधले पेट्रोल जेटमधून वर खेचले जाते. पूर्ण ज्वलनासाठी एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. आयडलिंगला पायलट जेट, मधल्या टप्प्यात स्लाइडला लटकणारी निडल आणि मूठ पूर्ण पिळल्यावर मेन जेट पेट्रोल मोजून देते. दोष कोणत्या टप्प्यावर जाणवतो हे आधी पाहिले, तर निम्मे निदान गाडी न उघडताच होते. त्याआधी प्लगची ठिणगी आणि पॉइंट मात्र तपासावेत. कार्ब्युरेटरच्या नावावर खपणाऱ्या कित्येक तक्रारी खरे तर इग्निशनच्या असतात.

गाडी बरेच महिने उभी राहिली की पेट्रोलचा हलका अंश उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भोकाचे पायलट जेट सर्वांत आधी तुंबते. गाडी पळते, पण सिग्नलला बंद पडते, हे त्याचे नेहमीचे लक्षण. तरीही अनेक ठिकाणी मेन जेट फुंकून ‘सफाई’ उरकली जाते. खरी परीक्षा कार्ब्युरेटरच्या अंगातल्या आडव्या वाटांची असते. तोंडाकडच्या बारीक हवाछिद्रात क्लीनर मारल्यावर तो स्लाइडखालच्या सुईएवढ्या छिद्रातून बाहेर आला, तरच वाट मोकळी झाली असे समजावे. हवेचा दाब देण्याआधी फ्लोट आणि रबरी रिंगा काढून ठेवतात. जेटच्या भोकात पोलादी तार किंवा ड्रिल कधीही घालू नये. पितळ मऊ असते. भोक केसभर वाढले तरी माप कायमचे बिघडते. भोकाहून बारीक नायलॉनचा तंतू पुरतो.

पुनर्बांधणीत पॅकिंग आणि रिंगा बदलणे हा सोपा भाग. फ्लोटच्या निडलच्या टोकावर कडे उमटले असेल तर पेट्रोल ओव्हरफ्लो होते, आणि कॉक उघडा राहिल्यास ते इंजिनात उतरून ऑइल पातळ करते. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे आले तर तो फुटका आहे. निडल जेट मात्र बाजारातल्या स्वस्त किटमध्ये बरेचदा नसते. वर्षानुवर्षे स्लाइडची निडल घासून त्याचे भोक लंबगोल होते. मग मधल्या टप्प्यात मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, राहते आणि प्लग काळा पडतो. अमलमध्ये जस्ताच्या मिश्रधातूच्या अंगात त्याच धातूची स्लाइड घासत असल्याने दोन्ही झिजतात आणि फटीतून हवा शिरते. नुसती सफाई करून अशी गाडी स्थिर आयडल धरत नाही. इंजिनाला जोडणारे नट जास्त आवळल्याने कार्ब्युरेटरचा फ्लँज वाकतो, तेव्हा सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून तो घासून घेतात.

इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा शोषते आणि काही जुने रबर फुगवते. इथेनॉलच्या ज्वलनाला हवा कमी लागत असल्यामुळे जुन्या मापाच्या जेटवर मिश्रण पातळ पडते. म्हणून काही जण जेट एक नंबर मोठे घालतात.

जुळवणी इंजिन गरम असताना करावी. एअर स्क्रू हलकेच तळाला टेकवून साधारण दीड फेरा उघडतात आणि तिथून आवाज ऐकत पुढेमागे करतात. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर उघडल्यावर मिश्रण पातळ होते; इंजिनाच्या बाजूला असेल तर सहसा उलट. निडलची क्लिप खालच्या खाचेत नेली की निडल वर उचलली जाते आणि मिश्रण जाड होते. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहतात. आयडल वाढले, तर थ्रॉटलची केबल ताणलेली आहे.