दोराविना गाणे

कॉर्नवॉलच्या पोर्ट आयझॅक या कोळीगावात, उन्हाळ्यातल्या एका सायंकाळी, धक्क्याशी मी ‘फिशरमन्स फ्रेंड्स’ या मंडळींच्या ‘शँटी’ ऐकल्या. एकाने ओळ उचलायची, बाकीच्यांनी झीलकऱ्यांसारखे ध्रुपद झेलायचे. तमाशाच्या फडाचीच आठवण झाली म्हणा ना!

ही गाणी मुळी करमणुकीची नव्हेतच. शिडाचा दोर सगळ्या हातांनी एकाच क्षणी ओढावा, म्हणून ध्रुपदातल्या ठराविक शब्दावर जोर येई. नांगर उचलताना चक्र ढकलीत गोल चालायचे. तेथली चाल निराळी, सलग. अमेरिकेच्या बंदरांत जहाजांवर कापसाचे गठ्ठे भरणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांचे देणेही यात मोठे आहे. पुढे वाफेची जहाजे आली आणि गाण्याचे कामच गेले. १९१४ साली सेसिल शार्प यांनी वॉचेटच्या जॉन शॉर्ट या पंचाहत्तरीच्या खलाशाकडून पन्नासांहून अधिक गाणी उतरवून घेतली, म्हणून तेवढी तरी वाचली.

टाळ्या कडाडल्या. गाणाऱ्यांचे हात मात्र रिकामे. ओढायला काहीच नाही, याची मला चुटपुट लागली. इतक्यात लक्ष गेले, शेजारच्या एका वृद्धाची मूठ प्रत्येक जोराला मिटत होती.