पहिल्याच घासाला एकवीस खडे

अमेरिकेतला बेसबॉलचा हंगाम इतका लांबलचक असतो की एप्रिलमधल्या पराभवांवर चिडणारा चाहता जाणकारांना नेहमीच उतावळा वाटत आला आहे. साधारण एप्रिल ते सप्टेंबर, जवळजवळ रोज एक, असे 162 सामने. त्यातल्या पहिल्या दहा-वीसांनी काय सिद्ध होते, असे ते विचारतात. दाखलेही तोंडपाठ असतात. 1914 साली बोस्टन ब्रेव्ह्ज जुलै उजाडला तरी तळाला होते आणि अखेर वर्ल्ड सिरीज जिंकून बसले. 2019 मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सने पहिल्या 50 पैकी 31 सामने गमावले आणि तेही जगज्जेते झाले. दाखले खरे आहेत, पण त्यावरून एप्रिलचा राग निव्वळ अधीरता ठरवणे मला पटत नाही. हरलेला सामना हे त्या रागाचे निमित्त असते. त्याचा रोख मालकाच्या कारभाराकडे आणि आदल्या दोन-तीन वर्षांच्या थकबाकीकडे असतो. बाल्टिमोर शहराचा 1988 चा वसंत या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

त्या वर्षी 4 एप्रिलला मेमोरियल स्टेडियमवर 52 हजारांहून अधिक लोकांसमोर बाल्टिमोर ओरिओल्सचा मिलवॉकीने 12-0 असा धुव्वा उडवला. पुढचे पाचही सामने गेले आणि मालकांनी मॅनेजर कॅल रिपकेन सिनियर यांना घरी पाठवले. त्यांचे दोन मुलगे, कॅल ज्युनियर आणि बिली, त्याच संघातून खेळत होते. बापाला काढल्यावरही दोघांना दुसऱ्या दिवशी मैदानात उतरायचे होतेच. बापाच्या जागी आले फ्रँक रॉबिन्सन, याच क्लबचे एकेकाळचे दैवत. हार काही थांबली नाही. हंगामाच्या आरंभी सलग 13 पराभव, हा 1904 च्या वॉशिंग्टनचा आणि 1920 च्या डेट्रॉइटचा नकोसा विक्रम केव्हाच मागे पडला. संघ जिंकेपर्यंत मायक्रोफोन सोडणार नाही, असा पण केलेला एक रेडिओ निवेदक दहा दिवसांहून अधिक काळ स्टुडिओत अडकून पडला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी रॉबिन्सनना धीर द्यायला फोन केला. पहिला विजय मिळाला 29 एप्रिलला, शिकागोत, 9-0 असा. तोवर 21 सामने हातचे गेले होते.

याला दुर्दैव म्हणता येईल का? थोडेफार म्हणता येईल. कितीही सुमार संघ सलग 21 वेळा हरायला नशिबाची साथ लागते. पण पुढचे आकडे पाहावेत. उरलेल्या 140 सामन्यांपैकी ओरिओल्सने 54 जिंकले. याच गतीने पूर्ण हंगाम खेळले असते, तरी शंभराच्या आसपास पराभव पदरी पडले असतेच. म्हणजे एप्रिलने जे सांगितले, ते अतिशयोक्तीने सांगितले एवढेच. आणि चाहत्यांना ते नवीन नव्हते. 1966, 1970 आणि 1983 मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकणारा हा क्लब स्वतः घडवलेल्या खेळाडूंसाठी नावाजलेला होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तो नावाजलेले, वय झालेले खेळाडू बाहेरून मोठ्या पैशाने आणू लागला आणि खालून येणारी रसद आटली. 1986 मध्ये, बाल्टिमोरला आल्यापासून प्रथमच, तो आपल्या गटात तळाला गेला. 1987 मध्ये 95 सामने हरला. एकविसाव्या पराभवावर ओरडणारा माणूस ही तीन वर्षे एकत्र धरून ओरडत होता.

त्यात या गावाची एक जुनी ठसठस मिसळलेली होती. अमेरिकेत संघ ही मालकाची खासगी मालमत्ता. त्याला वाटले तर तो गाव बदलतो. बाल्टिमोरने हे पुन्हा पुन्हा सोसले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा तिथला दिग्विजयी संघ 1899 नंतर लीगने संघ कमी करताना बंद केला. 1901 साली नवा संघ मिळाला, त्याची जागा दोनच वर्षांनी न्यूयॉर्कने घेतली. मग अर्धशतक दुय्यम दर्जाच्या लीगवर भागवावे लागले. याच गावात जन्मलेला थोर खेळाडू बेब रूथही 1914 साली गावच्या संघात येऊन काही महिन्यांतच बोस्टनला विकला गेला. 1954 मध्ये आलेला ओरिओल्स संघदेखील सेंट लुइस गावाने गमावलेला होता. मार्च 1984 मध्ये तर अमेरिकन फुटबॉलचा कोल्ट्स हा लाडका संघ एका रात्रीत ट्रकांत सामान भरून इंडियानापोलिसला गेला. ओरिओल्सचे मालक एडवर्ड बेनेट विल्यम्स हे वॉशिंग्टनचे बडे वकील, आणि वॉशिंग्टनला 1971 पासून बेसबॉल संघ नव्हता. बाल्टिमोरकरांना धास्ती वाटायला आणखी काय हवे?

1988 च्या 2 मे रोजी संघ 1 विजय आणि 23 पराभव घेऊन घरी परतला, तेव्हा 50,402 लोक मैदानावर हजर होते. त्याच संध्याकाळी गव्हर्नर विल्यम डोनाल्ड शेफर यांनी ओरिओल्स पंधरा वर्षे बाल्टिमोरमध्येच राहण्याच्या, नव्या स्टेडियमच्या कराराची घोषणा केली. कोल्ट्स गेले तेव्हा महापौर असलेले तेच शेफर. समोरचा संघ होता टेक्सस रेंजर्स, 1971 नंतर वॉशिंग्टन सोडून गेलेला. ओरिओल्सनी तो सामना 9-4 जिंकला. यावर आक्षेप असा, की ही गर्दी जाहिरातबाजीने जमवलेली, थोडी विनोदाच्या लहरीत आलेली होती, आणि तिच्यामुळे करार झाला नाही. दुसरा भाग मान्य करायलाच हवा: स्टेडियमसाठी राज्याने 1986 मध्येच प्राधिकरण स्थापले होते, बोलणी जुनी होती. पहिला भाग अर्धाच खरा आहे. मौजेखातर आलेल्या माणसालाही घरी बसायची मुभा होती. तिथे येणे हा आपला हक्क नोंदवण्याचा त्याला उपलब्ध असलेला बहुधा एकमेव मार्ग होता, आणि त्याने तो महिनाभर केलेल्या त्राग्याइतक्याच जोरात वापरला.

अधिक वजनदार आक्षेप वेगळा आहे: अशा रागामुळेच मालक बिथरतात आणि रिपकेन सिनियर यांच्यासारख्यांचा बळी जातो. पण सहा सामन्यांनंतरची ती घाई मालकांची होती, आणि तिने काही साधले नाही. रॉबिन्सन यांच्या हाताखाली संघ आणखी 15 सामने ओळीने हरला. उपाय सावकाश झाला. जुलैत माइक बॉडिकर बोस्टनला देऊन ब्रेडी अँडरसन आणि कर्ट शिलिंग हे तरुण घेतले गेले, डिसेंबरात एडी मरेसारखा दिग्गज लॉस एंजेलिसला दिला गेला, आणि 1989 चा तरुण संघ 87 सामने जिंकून गटाच्या विजेतेपदासाठी टोरंटोशी शेवटच्या आठवड्यापर्यंत झुंजला. प्रेक्षकसंख्या साडेसोळा लाखांवरून 25 लाखांपुढे गेली. त्या वर्षी तिसऱ्या बेसच्या कोचचे काम पुन्हा कॅल रिपकेन सिनियर यांच्याकडेच आले होते.