शिक्कामोर्तब कोणाचे?

ठाण्यातील कोलशेतच्या जमिनीचा सातबारा पूर्वी तलाठ्याच्या सही-शिक्क्याने मिळत असे. 1 मे 2018 पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्यावर शाईची सही नसते. मग तो खरा कशावरून मानायचा?

शिवकालीन पत्रांच्या माथ्यावर मुद्रा असे आणि अखेरीस मोर्तब. पत्र कोणाचे ते मुद्रेवरून कळे. मजकूर इथे संपला, पुढची ओळ बनावट, हे मोर्तब सांगे. डिजिटल स्वाक्षरी हीच दोन्ही कामे गणिताने करते.

ही कल्पना व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी 1976 साली मांडली. प्रत्येकाजवळ दोन किल्ल्या असतात, एक गुप्त आणि एक जाहीर. गुप्त किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने कोणीही तपासू शकतो. मजकुरातले एक अक्षर बदलले, तरी सही जुळत नाही.

पण एखाद्या भामट्याने स्वतःचीच किल्ली 'तलाठ्याची' म्हणून जाहीर केली तर? 1978 साली एमआयटीतील विद्यार्थी लॉरेन कोनफेल्डर याने पदवीच्या प्रबंधात उपाय सुचवला. 'ही किल्ली अमक्याची' असा दाखला द्यावा आणि त्यावर विश्वासू संस्थेने डिजिटल सही करावी.

भारतात 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने यासाठी एक नियंत्रक नेमला. तो परवानाधारक संस्थांच्या किल्ल्यांवर सही करतो, त्या संस्था अर्जदारांच्या किल्ल्यांवर. नियंत्रकाच्या किल्लीवर सही कोणाची? त्याची स्वतःचीच! इथे गणित थांबते; पुढचा भार कायद्यावर आणि चोख कारभारावर असतो.

हा कारभार ढिला पडला की काय होते, ते जुलै 2014 मध्ये दिसले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन संस्थेकडून गूगल व याहूच्या नावांचे बनावट दाखले निघाल्याचे उघड झाले. गणितात चूक नव्हती. दाखले देण्याची व्यवस्था फसली होती. नियंत्रकाने त्या संस्थेचे दाखले रद्द केले. गूगलनेही क्रोममध्ये भारतीय नियंत्रकावरचा विश्वास मोजक्या भारतीय संकेतस्थळांपुरता आवळला.

डिजिटल सहीचा कागद संगणकावर उघडल्यावर पुष्कळदा सहीपाशी प्रश्नचिन्ह दिसते. तेवढ्यावरून कागद खोटा ठरत नाही. बहुधा नियंत्रकाची त्या संगणकाला ओळख नसते. ती आपणच करून द्यायची असते. म्हणून नियंत्रकाचा दाखला त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा, कोणी पाठवलेला नव्हे, असे आम्ही सुचवू. वर्गात हे सांगताना मुलांना एवढेच विचारावे : हा माणूस खरा, असे सांगणारा खरा कशावरून?