सरळप्रत प्रकारांची संकलनकालीन तपासणी

ज्या विदाप्रकाराचे बाइट जसेच्या तसे दुसऱ्या जागी नकलले तरी मूल्य अबाधित राहते, त्याला सी++ भाषेत ‘ट्रिव्हियली कॉपीएबल’, म्हणजेच सरळप्रत, म्हणतात. पूर्णांक, अपूर्णांक व त्यांच्या साध्या संरचना यात मोडतात. मजकुरासाठी स्वतः स्मृती राखणारा ‘स्ट्रिंग’ मोडत नाही. त्याची बाइटवार नक्कल केल्यास दोन वस्तू एकाच स्मृतीवर मालकी सांगतात, ती दोनदा मुक्त होते आणि प्रोग्रॅम कोसळू शकतो. २०११ च्या प्रमाणकात ही पात्रता तपासणारी कसोटी आणि ‘स्टॅटिक असर्ट’ हे विधान आले. दोन्ही जोडल्यास अपात्र प्रकार कंपायलरच नाकारतो. प्रोग्रॅम चालताना त्याचा काहीही भार पडत नाही.

पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये साकारलेल्या ‘परम ८०००’ या महासंगणकात प्रत्येक प्रक्रियकाची स्मृती वेगळी होती; विदा संदेशांतून, म्हणजे बाइटांची नक्कल करून, पाठवावी लागे. अशा यंत्रांवर या तपासणीचे मोल मोठे, पण त्या काळी ती भाषेत नव्हती. सगळी भिस्त प्रोग्रॅमरच्या दक्षतेवर. आजही केवळ ही तपासणी पुरेशी नाही. पॉइंटर, म्हणजे स्मृतीतील पत्ता, असलेली संरचना कसोटीत उत्तीर्ण होते, मात्र तो पत्ता दुसऱ्या यंत्रावर निरर्थक असतो.