जुना नकाशा, नवे जाळे : ‘इफकॉन्फिग’ या आज्ञेच्या निवृत्तीचा इतिहास

१/
अहिल्यानगरच्या, म्हणजेच पूर्वीच्या अहमदनगरच्या, भूमीखाली दोन वेगवेगळ्या काळांची जलजाळी आहेत. पहिले निजामशाहीचे. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, नागाबाई, भिंगार अशा ठिकाणांहून खापरी नळांनी शहरात पाणी आणले जाई. १८८४ च्या गॅझेटियरमध्ये या नळांची नोंद आहे, आणि ब्रिटिश अमदानीतही शहर त्यांतील काहींवर विसंबून होते. दुसरे जाळे आजचे, मुळा धरणाचे पाणी आणणाऱ्या जलवाहिन्यांचे.

२/
समजा, एखाद्या अभियंत्याच्या हाती केवळ खापरी नळांचा नकाशा आहे. त्यातील एकही रेघ खोटी नाही. तरीही त्याच्या भरवशावर रस्त्यात कुदळ मारली, तर नकाशात नसलेली नवी जलवाहिनी फुटेल. नकाशा चुकीचा नव्हता. जमिनीखालचे जग त्याच्यापेक्षा मोठे झाले होते. संगणकांच्या जाळ्यातही नेमके हेच घडले. तेथील जुन्या नकाशाचे नाव ‘इफकॉन्फिग’.

३/
काळ्या पडद्यावर अक्षरे टंकून संगणकाला हुकूम सोडण्याची रीत माऊसपेक्षा जुनी आहे आणि सर्व्हरच्या दुनियेत आजही तीच चालते. यंत्राला जाळ्यातील पत्ता द्यायचा, वाट दाखवायची, कोण कोणाशी बोलत आहे ते पाहायचे, ही सारी कामे तीन दशके काही मोजक्या आज्ञांनी होत असत : ‘इफकॉन्फिग’, ‘रूट’, ‘आर्प’ आणि ‘नेटस्टॅट’.

४/
या आज्ञांचे मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत सापडते. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट हे जाळे टीसीपी/आयपी या नव्या संभाषण-पद्धतीकडे वळले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्कलेने युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती प्रसिद्ध केली. टीसीपी/आयपीबरोबरच ‘इफकॉन्फिग’, ‘रूट’ आणि ‘नेटस्टॅट’ ही साधनेही तिच्यातून जगभर पोहोचली. ‘इफकॉन्फिग’ हे ‘इंटरफेस कॉन्फिगर’ या शब्दांचे आखूड रूप.

५/
महाराष्ट्रालाही अशा स्थित्यंतराचा अनुभव आहे. १९८६ मध्ये भारतात अर्नेट हा शैक्षणिक व संशोधन जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यात मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था (एनसीएसटी) आणि पवईची आयआयटी यांचा सहभाग होता. आरंभी टेलिफोनच्या तारेवरून, यूयूसीपी या पद्धतीने, ई-टपालाची देवघेव होई. पुढे टीसीपी/आयपी आले आणि यूयूसीपी मागे पडले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ती जुनी पद्धत इतिहासजमा होऊ लागली होती.

६/
१९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला. लिनक्सचा गाभा नव्याने लिहिला गेला, पण आज्ञांची नावे आणि त्यांचे वळण मुद्दाम युनिक्सचेच ठेवले गेले. बर्कलेत शिकलेल्या माणसाचा हात लिनक्सवर अडखळू नये, हा हेतू. या आज्ञांच्या लिनक्सवरील संचाला ‘नेट-टूल्स’ हे नाव मिळाले.

७/
त्या काळच्या जाळ्याविषयीची गृहीतके साधी होती. एका यंत्रात एक जाळे-कार्ड, त्या कार्डाला एक पत्ता, बाहेर जाण्यास एक वाट. ‘इफकॉन्फिग’ची रचना या गृहीतकांवर उभी होती. दुसरा पत्ता हवाच असेल, तर त्याच कार्डाचे ‘ईथ०:१’ असे टोपणनाव कल्पून तो देता येई. ही सोय होती, पण ठिगळ लावून केलेली.

८/
१९९० च्या दशकाच्या अखेरीस ही गृहीतके ढासळली. डिसेंबर १९९८ मध्ये आयपी आवृत्ती ६ चे प्रमाणित रूप प्रसिद्ध झाले. तिच्यात एकाच कार्डाला अनेक पत्ते असणे हीच सामान्य स्थिती होती. एका कार्यालयाला दोन कंपन्यांची इंटरनेट-जोडणी असू लागली. कोणत्या यंत्राची वाहतूक कोणत्या वाटेने न्यायची, असे नियम ठरवणे आवश्यक झाले. एकच वाट-तक्ता पुरेना.

९/
जानेवारी १९९९ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची २.२ ही आवृत्ती आली. तिच्यातील जाळे-व्यवस्थेची मोठी फेररचना रशियन प्रोग्रामर अलेक्सेई कुझ्नेत्सोव यांनी केली होती. अनेक वाट-तक्ते, वाटांचे नियम आणि वाहतुकीचे नियंत्रण गाभ्यात आले. या साऱ्याशी बोलण्यासाठी त्यांनी ‘आयपीरूट२’ हा नवा संच लिहिला. त्यातील मुख्य आज्ञेचे नाव केवळ दोन अक्षरी : ‘आयपी’.

१०/
दोन्ही संचांतील फरक केवळ नावाचा नाही. ‘इफकॉन्फिग’ गाभ्याशी जुन्या ‘आयऑक्टल’ मार्गाने बोलते. तो मार्ग छापील अर्जासारखा आहे. अर्जात एकाच पत्त्याची चौकट असेल, तर दुसरा पत्ता लिहायला जागाच नाही. ‘आयपी’ ही आज्ञा ‘नेटलिंक’ या नव्या मार्गाने बोलते. तेथे अर्जाला हवी तेवढी पुरवणी पाने जोडता येतात. गाभ्यात नवी सोय आली की नव्या प्रकारचे पान निघते. जुनी पाने तशीच राहतात.

११/
जुन्या अर्जाचा परिणाम गंभीर होता. ‘आयपी’ने एखाद्या कार्डाला आवृत्ती ४ चा दुसरा पत्ता टोपणनावाशिवाय दिला, तर ‘इफकॉन्फिग’ त्या कार्डाचा पहिलाच पत्ता दाखवते. दुसरा चालू असतो, त्यावर वाहतूक होत असते, पण पडद्यावर त्याचा मागमूस नसतो. ‘रूट’ ही आज्ञाही केवळ मुख्य वाट-तक्ता दाखवते; इतर तक्ते तिला ठाऊकच नाहीत. ‘चूक झाली’ असा संदेश कोठेही येत नाही. अर्धे उत्तर पूर्ण उत्तराच्या थाटात समोर येते आणि तंत्रज्ञ भलत्याच जागी दोष शोधत बसतो.

१२/
जुन्या आज्ञांचे नवे वारसदार असे :
• पत्ता पाहण्या-देण्याचे ‘इफकॉन्फिग’चे काम : ‘आयपी ॲड्रेस’
• कार्ड चालू-बंद करण्याचे काम : ‘आयपी लिंक’
• ‘रूट’ : ‘आयपी रूट’, आणि नियमांसाठी ‘आयपी रूल’
• शेजारच्या यंत्रांची ओळख ठेवणारी ‘आर्प’ : ‘आयपी नेबर’
• ‘नेटस्टॅट’ : ‘एसएस’
‘नेटस्टॅट’ चालू जोडण्यांची यादी गाभ्याने मांडलेल्या मजकुरी फायली वाचून तयार करते. ‘एसएस’ नेटलिंकवरून थेट गाभ्यालाच विचारते. हजारो जोडण्या असलेल्या सर्व्हरवर हा फरक चटकन जाणवतो.

१३/
नवे साधन १९९९ मध्येच सिद्ध होते. मग जुने लगेच निवृत्त झाले काय? मुळीच नाही. ‘नेट-टूल्स’ची १.६० ही आवृत्ती २००१ मध्ये आली आणि त्यानंतर तिचा विकास अनेक वर्षे जवळपास थंडावला. तरी वापर चालूच राहिला. २००९ मध्ये डेबियन प्रकल्पात तिला निरोप देण्याची चर्चा उघडपणे सुरू झाली. २०११ मध्ये आर्च लिनक्सने तिला कालबाह्य ठरवले. २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ च्या किमान मांडणीतून ती गेली. जून २०१७ मध्ये डेबियन ९ च्या नव्या मांडणीतही ती आपोआप मिळेनाशी झाली. निवृत्तीची ही वाटचाल जवळजवळ दोन दशकांची आहे.

१४/
इतका विलंब का? पहिले कारण सवय. बोटांना पाठ झालेली आज्ञा सहजी सुटत नाही. दुसरे कारण पाठ्यपुस्तके आणि प्रात्यक्षिकांच्या वह्या. विद्यार्थी जी आज्ञा परीक्षेत लिहितो, तीच पुढे नोकरीतही वापरतो. तिसरे कारण सर्वांत चिवट : स्क्रिप्ट. रात्री आपोआप चालणाऱ्या असंख्य लहान कार्यक्रमांत ‘इफकॉन्फिग’ दडलेली होती, आणि ते लिहिणारी माणसे बहुधा केव्हाच दुसरीकडे गेलेली होती.

१५/
या स्क्रिप्टांची एक गंमत इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावी. त्या ‘इफकॉन्फिग’च्या उत्तरातील ‘इनेट ॲडर’ हे शब्द शोधून त्यापुढचा पत्ता उचलत. ‘नेट-टूल्स’च्या पुढच्या पिढीत त्या उत्तराची मांडणीच बदलली, ‘ॲडर’ गळून केवळ ‘इनेट’ उरले. नव्या साधनाला घाबरून जे जुन्यालाच चिकटून राहिले, त्यांच्या स्क्रिप्टही मोडल्या. जुन्यात राहणे म्हणजे जसेच्या तसे राहणे, हा समज तेथे खोटा ठरला.

१६/
जुने ते टाकाऊ, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. फ्रीबीएसडीत आणि ॲपलच्या मॅक संगणकांत ‘इफकॉन्फिग’ आजही अधिकृत साधन आहे. बीएसडीच्या परंपरेत गाभा आणि आज्ञा एकाच घरात वाढल्या. गाभ्याला नवे काम येताच आज्ञेलाही ते शिकवले गेले. लिनक्समध्ये गाभा पुढे गेला आणि आज्ञा मागे राहिली. नाव एकच असले, तरी दोन घराण्यांत त्याचे भाग्य वेगळे झाले. दोष वयाचा नव्हता, देखभालीचा होता.

१७/
हा बदल किती जिवावरचा असू शकतो, हे जिल्ह्याच्या भूगोलावरून कळते. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा : १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीतले अकोले, आग्नेयेला जामखेड. नगर शहरात बसलेल्या तंत्रज्ञाने अकोल्यातील यंत्राचा पत्ता दुरून बदलताना ‘इफकॉन्फिग’ वापरली, तर नवा पत्ता जुन्याची जागा तत्काळ घेतो आणि ज्या धाग्यावरून हुकूम गेला तोच धागा तुटतो. मग घाट चढून अकोल्याला जाण्यावाचून उपाय नाही.

१८/
‘आयपी’ने हेच काम टप्प्याटप्प्याने होते. आधी नवा पत्ता जोडावा. त्यावरून यंत्राशी संपर्क होतो याची खात्री करावी. मगच जुना काढावा. परंतु येथेही एक काटा आहे. दोन्ही पत्ते एकाच उपजाळ्यातले असतील, तर पहिला काढताच गाभा दुसराही काढून टाकू शकतो. तो वाचवण्यासाठी दुय्यम पत्त्याला बढती देणारी एक मांडणी आधी चालू करावी लागते. साधन नवे असले, तरी जपून चालण्याची गरज संपत नाही.

१९/
शिवाय ‘आयपी’ने केलेला बदल यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतो, ‘इफकॉन्फिग’चेही तसेच होते. कायमची नोंद नेटवर्कमॅनेजर किंवा नेटप्लॅन यांसारख्या व्यवस्थेच्या फायलींत करावी लागते. म्हणून जाणते लोक जुन्या संचाला एका दिवसात निरोप देत नाहीत. प्रथम सर्व स्क्रिप्टांत जुन्या आज्ञा शोधतात, एकेक बदलतात, काही काळ दोन्ही संच शेजारी ठेवून उत्तरे ताडून पाहतात, आणि जुन्याला कोणी हाक मारत नाही हे पटल्यावरच तो काढतात.

२०/
आता पुन्हा नगरच्या भूमीकडे. मुळेच्या पाण्याने खापरी नळांची उपयुक्तता संपवली, त्यांचे मोल नव्हे. डोंगरउताराचा अंदाज घेऊन, पंपाशिवाय, एका राजधानीला पाणी पुरवणारी ती रचना तिच्या काळच्या प्रश्नाचे नेमके उत्तर होती. ‘इफकॉन्फिग’ही तिच्या काळच्या, एका यंत्राला एक पत्ता असलेल्या, जगाचे नेमके उत्तर होती.

२१/
म्हणून जुना नकाशा फाडायचा नसतो. त्यावर त्याचे साल लिहून तो जपून ठेवायचा असतो. मात्र रस्ता खोदायची वेळ आली की हाती आजचाच नकाशा असावा. १९८३ चा नकाशा कोणत्या जगासाठी काढला होता, हे ज्याला ठाऊक आहे, तो त्यात काय दिसणार नाही हेही सांगू शकतो. आणि जुन्या यंत्रापुढे बसलेल्या तंत्रज्ञाला तेवढे ज्ञान एखाद्या रात्री अकोल्याचा घाट वाचवू शकते.

(समाप्त)