उज्जैनचे विद्यापीठ आणि वर्गात उभा असलेला माणूस

उज्जैनमधील विद्येचा इतिहास सांगताना सांदीपनींच्या आश्रमापासून आरंभ करण्याची प्रथा आहे. व्याख्यानात ती शोभते. आम्ही मात्र शिंदे सरकारच्या माधव कॉलेजापासून आरंभ करतो. कारण आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा त्याच कॉलेजात शिकले आणि त्यांच्या पदवीवर नाव मात्र दूरच्या आग्रा विद्यापीठाचे राहिले. हे विद्यापीठ १९२७ साली स्थापन झाले. प्रश्नपत्रिका तिकडून येणार, उत्तरपत्रिका तिकडे जाणार, आणि एखाद्याचा निकाल अडकला तर त्याने दाद मागायची ती पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर.

त्या काळच्या अध्यापकाची स्थिती पाहायची असेल तर गजानन माधव मुक्तिबोधांचे चरित्र पुरे आहे. आपल्यासारख्याच, महाराष्ट्रातून ग्वाल्हेर संस्थानात आलेल्या घराण्यातले ते. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत नावारूपास आले. गजाननराव माधव कॉलेजात शिकले व १९३८ साली इंदूरच्या होळकर कॉलेजातून बी. ए. झाले. पुढची वीस वर्षे शाळामास्तरकी, वृत्तपत्र, आकाशवाणी, पुन्हा शाळा अशी गेली. १९५४ साली एम. ए. झाल्यावरही कॉलेजातील अध्यापकपद मिळावयास १९५८ साल उजाडले, तेही राजनांदगावास. सहा वर्षांनी ते निवर्तले, तेव्हा वय अवघे सेहेचाळीस. पन्नास वर्षांनंतर ज्यांच्यावर प्रबंध लिहिले जातात, त्यांना हयातीत स्थिर नोकरी देणे व्यवस्थेला जमले नाही, हे आम्हांस फार बोचते.

विक्रम विद्यापीठाची कोनशिला गोविंद वल्लभ पंतांच्या हस्ते ऑक्टोबर १९५६ मध्ये बसली आणि थोड्याच दिवसांत मध्यभारत हे राज्यच नव्या मध्यप्रदेशात विलीन झाले. राज्य गेले, विद्यापीठ राहिले! १ मार्च १९५७ रोजी त्याचे काम सुरू झाले. प्रारंभी इंदूरची महाविद्यालयेही त्याच्याच छत्राखाली होती. १९६४ मध्ये इंदूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. माळव्यातील मुलांना परीक्षा, निकाल आणि पदवी यांसाठी घराजवळ दार ठोठावता येऊ लागले, ही सोय लहान नव्हे.

विद्यापीठ अध्यापकाला मोकळीक देते तेव्हा काय घडते, त्याचे उत्तर म्हणजे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर. नीमचला १९१९ साली जन्मलेल्या या माणसाने १९५७ मध्ये भीमबेटकाची चित्रे जगापुढे आणली. पुढे ते स्थळ २००३ साली जागतिक वारशात गेले. उज्जैनपासून जवळच असलेल्या कायथा येथे त्यांनी १९६५-६६ मध्ये विद्यापीठातर्फे उत्खनन केले आणि माळव्यातील ताम्रपाषाण संस्कृतीचा एक अज्ञात थर उजेडात आला. नंतर पुण्याचे डेक्कन कॉलेजही त्या कामात उतरले. नुसत्या इमारतींच्या हिशेबात असे काम कोठेच मांडता येत नाही. १९६८ ते १९७८ या काळात कुलगुरुपदी डॉ. शिवमंगल सिंह 'सुमन' होते. त्याआधी ते माधव कॉलेजचे प्राचार्य होते. वर्गातून वर चढलेला कुलगुरू, ही गोष्टही आम्ही जमेच्या बाजूस धरतो.

यानंतर २६ ऑगस्ट २००६ ही तारीख येते. विद्यार्थी संघाच्या निवडणुकीच्या वादातून माधव कॉलेजात प्रा. हरभजनसिंह सभरवाल यांना मारहाण झाली व त्यांचा मृत्यू ओढवला. ते राज्यशास्त्राचे विभागप्रमुख होते. सर्वोच्च न्यायालयाने खटला नागपूरला हलवला. साक्षीदार उलटले आणि जुलै २००९ मध्ये सहाही आरोपी निर्दोष सुटले. न्यायालयापुढे पुरावाच नसेल तर न्यायालय काय करणार? परंतु एका प्राध्यापकाला कॉलेजच्या आवारात मरण आले आणि कायद्याच्या दप्तरी त्याचा जबाबदार कोणीच नाही, हे उज्जैनचे सत्य आहे.

याच घटनेच्या तीन महिने आधी, मे २००६ मध्ये, लिंगडोह समितीचा अहवाल आला होता. सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक, सारी प्रक्रिया दहा दिवसांत पूर्ण, उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांच्या आत, पंच्याहत्तर टक्के उपस्थिती, आणि तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीचा आदेश २२ सप्टेंबर रोजी दिला, म्हणजे सभरवाल गेल्यावर महिनाभराच्या आत. आम्ही शासकीय सेवेत आयुष्य घालविले आहे. अहवाल व आदेश यांमधील अंतर किती महाग पडू शकते ते आम्हांला निराळे सांगावे लागत नाही.

विद्यार्थ्यांचे हित आणि अध्यापकांचे हित असे दोन खाते करण्याची सवय प्रशासनाला आहे. निवडणूक वेळेवर व नियमाने झाली असती तर विद्यार्थ्याला आपला प्रतिनिधी मिळाला असता आणि प्राध्यापकाच्या जिवावरही बेतले नसते. अतिथी विद्वानांचेही तेच. रिक्त पदांवर आधी तासिकेप्रमाणे, नंतर दिवसाप्रमाणे मानधन देऊन माणसे नेमण्याची रीत मध्यप्रदेशात दीर्घकाळ चालत आली. २०१९ च्या डिसेंबरात हेच अध्यापक भोपाळच्या थंडीत धरणे धरून बसले होते. पुढल्या सत्रात आपण येथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो एम. ए.च्या मुलाला कोणत्या भरवशावर म्हणेल, "तुझा प्रबंध मी पाहतो"? मुक्तिबोधांची ती वीस वर्षे निराळ्या नावाने चालू आहेत, असे आम्हांस वाटते.

२०२५ मध्ये विद्यापीठाचे नाव सम्राट विक्रमादित्य विद्यापीठ असे झाले. नावाबद्दल आमची तक्रार नाही. पाट्या व लेटरहेड बदलायला फार दिवस लागत नाहीत. विभागांमध्ये मंजूर पदे किती आणि त्यांवर कायम अध्यापक किती, हा तक्ता दर वर्षी दीक्षांत समारंभात वाचून दाखवावा, एवढीच सूचना आम्ही करतो. सभागृहात आपल्या घरांतील मुले-नातवंडे बसलेली असतात. त्यांनाही तो ऐकू द्यावा.